जुनं मोबाइल होम: कर्ज आणि विक्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन होजे, सनीव्हेलच्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून मोबाइल होमबद्दल हल्ली वरचेवर विचारणा होते. कुणाला आई-वडिलांसाठी जवळपास छोटं घर हवं असतं, कुणाला भाड्याच्या फ्लॅटमधून बाहेर पडायचं असतं, तर कुणी जुनं घर विकून भारतात परतायच्या तयारीत असतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नियम राज्यागणिक बदलतात. तपशील मुख्यतः कॅलिफोर्नियाचे आहेत, आणि जिथे फरक मोठा आहे तिथे फ्लोरिडा आणि टेक्ससचंही सांगितलं आहे.

मोबाइल होम म्हणजे नेमकं काय? आणि "जुनं" कधीपासून म्हणायचं?

कारखान्यात तयार होऊन, पोलादी सांगाड्यावर आणि चाकांवर जागेपर्यंत आणलेलं घर. एका तुकड्यात आलं तर सिंगल-वाइड, दोन तुकडे जागेवर जोडले तर डबल-वाइड. नावात "मोबाइल" असलं तरी एकदा जागेवर बसलेलं घर सहसा पुन्हा हलत नाही. त्याची विक्री आणि मोडतोड त्याच जागी होते.

वयाच्या बाबतीत एक तारीख पाठ करून ठेवा: १५ जून १९७६. त्या दिवसापासून अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, बांधकाम संहिता लागू झाली. त्याआधीच्या घरांना असा देशभर सारखा नियम नव्हता. त्यामुळे १९७५ चं घर कितीही नीट ठेवलेलं असलं तरी बहुतेक सावकार अर्जही घेत नाहीत. १९७६ नंतरच्या घरांना प्रत्येक सावकार आपापली वयोमर्यादा लावतो, म्हणून १९८२ च्या घराला एकाने नाही म्हटलं तरी दुसरा हो म्हणू शकतो. दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय नाद सोडू नका.

घर त्या तारखेनंतरचं आहे हे कसं ओळखायचं? विकणारा म्हणतो "ऐंशी सालचं असेल".

"असेल" यावर पैसे मोजू नका. दोन गोष्टी डोळ्यांनी बघा.

पहिली म्हणजे हडची पट्टी. साधारण दोन इंच बाय चार इंचांचा लाल रंगाचा धातूचा पत्रा, घराच्या बाहेरच्या भिंतीवर, मागच्या टोकाला, खालच्या बाजूला. डबल-वाइडला दोन पट्ट्या असतात, दर तुकड्याला एक. बऱ्याच घरांवर पुढे कुणीतरी रंग मारलेला असतो आणि पट्टी त्याखाली गेलेली असते. कोपऱ्यापासून हात फिरवत गेलात तर खिळ्यांची डोकी आणि कोरलेले आकडे बोटांना लागतात. नवी साइडिंग लावताना पट्टी काढून फेकून दिलेलीही असते.

दुसरी म्हणजे घराच्या आतला डेटा प्लेटचा कागद. स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटाच्या दाराच्या आतून, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात तो चिकटवलेला असतो. त्यावर कारखाना, अनुक्रमांक, बांधणीची तारीख आणि घर वाऱ्याच्या कुठल्या क्षेत्रासाठी बांधलंय त्याचा छोटा नकाशा असतो. हा नकाशा फ्लोरिडात फार महत्त्वाचा. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले, आणि पहिल्या क्षेत्रासाठी बांधलेलं घर किनाऱ्याजवळच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्षेत्रात नेऊन बसवता येत नाही. स्वयंपाकघराचं नूतनीकरण करताना जुनी कपाटं जातात आणि त्यांच्यासोबत हा कागदही जातो. तुमच्याकडे असं घर असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा.

दोन्ही हरवलं असेल तर इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी ही संस्था अनुक्रमांकावरून शोध घेऊन पट्टीच्या पडताळणीचं पत्र देते. सावकार ते सहसा मान्य करतात. नवी पट्टी मात्र मिळत नाही.

घर आवडलं, किंमतही परवडते. आता आधी काय विचारू?

जमीन कोणाची, हे. मोबाइल होमच्या व्यवहारात हा पहिला प्रश्न. घर कसं आहे हे त्याच्या बरंच नंतर येतं.

तीन शक्यता असतात. घर आणि जमीन दोन्ही विकणाऱ्याच्या मालकीची, हे सगळ्यात चांगलं. दुसरी, मोबाइल होमच्या वसाहतीत, म्हणजे पार्कमध्ये, घर तुमचं आणि जमीन पार्कच्या मालकाची. तुम्ही दरमहा जागेचं भाडं भरता. तिसरी कमी दिसते, पण शोधण्यासारखी: रहिवाशांनीच सहकारी संस्था करून पार्क विकत घेतलेलं असतं आणि तुम्ही त्यातले सभासद होता. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ साली ही वाट सुरू झाली आणि आता ती अनेक राज्यांत पोचली आहे.

दुसरा प्रकार आपल्या लोकांना चटकन कळावा म्हणून मुंबईची पागडीची खोली डोळ्यांसमोर आणा. खोलीचे पैसे तुम्ही मोजलेत, राहता तुम्ही, पण भाडं चालूच आणि हस्तांतराला घरमालकाची संमती लागतेच. पार्कमधल्या घराची किंमत, कर्ज, विक्री, सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

बँक नेहमीचं गृहकर्ज का देत नाही?

कारण कायद्याच्या नजरेत ते घर बऱ्याचदा घरच नसतं. गाडीसारखी जंगम मालमत्ता असते. त्याला गाडीसारखं टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, असतं. अशा घरावर मिळणाऱ्या कर्जाला चॅटल लोन म्हणतात. मुदत कमी, व्याज जास्त. ग्राहक आर्थिक संरक्षण विभागाच्या, म्हणजे सीएफपीबीच्या, २०१४ च्या अहवालात चॅटल लोनचा दर अर्ध्या टक्क्यापासून पाच टक्क्यांपर्यंत जास्त असल्याचं नोंदवलं होतं.

उदाहरणादाखल ८०,००० डॉलरचं कर्ज २० वर्षांसाठी धरा. साडेसहा टक्क्यांनी हप्ता सुमारे ५९६ डॉलर, नऊ टक्क्यांनी सुमारे ७२०. महिन्याला १२४ डॉलर, आणि २० वर्षांत जवळपास ३०,००० डॉलर जास्त. घर तेच, माणूस तोच.

व्याजापलीकडेही फरक आहे. हप्ते थकले तर गृहकर्जात जी लांबलचक कायदेशीर प्रक्रिया असते ती चॅटल लोनमध्ये पुष्कळ राज्यांत नसते. सावकार गाडीसारखं घर ताब्यात घेऊ शकतो. गृहकर्जाच्या खर्चाची आगाऊ, स्पष्ट माहिती देण्याचा जो केंद्रीय कायदा आहे, तोही जमिनीशिवाय फक्त घरावर घेतलेल्या कर्जाला सहसा लागू होत नाही. म्हणून सही करण्याआधी फी, विमा आणि मुदतपूर्व परतफेडीचा दंड हे सगळं लेखी मागून घ्या.

मग जुन्या घराला नेहमीचं गृहकर्ज मिळूच शकत नाही का?

मिळू शकतं, पण अटी एकत्र जुळल्या पाहिजेत. घर १५ जून १९७६ नंतरचं हवं. कायमच्या पायावर बसवलेलं हवं. टेकूंवर ठेवून कडेने झाकपट्टी लावली म्हणजे पाया झाला असं होत नाही. चाकं, आस आणि ओढायचा पुढचा दांडा काढलेला हवा. आणि गाडीसारखं टायटल रद्द होऊन घर जमिनीसकट स्थावर मालमत्ता म्हणून नोंदलेलं हवं. एवढं असेल तर सावकारांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांच्या नियमांतलं कर्ज, एफएचएचं, म्हणजे हडच्या गृहकर्ज-विमा विभागाचं, टायटल टू कर्ज, आणि सैन्यात सेवा केलेल्यांना व्हीएचं, म्हणजे माजी सैनिक खात्याचं, कर्ज, यांची वाट खुली होते.

पायाबद्दल सावकार बहुतेक वेळा परवानाधारक अभियंत्याचं पत्र मागतो. हडच्या कायमच्या पायाविषयीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पाया आहे, असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. अभियंता स्वतः घराखाली रांगून जातो, फोटो काढतो. खर्च काही शे डॉलरचा. विकणाऱ्याकडे आधीचं पत्र असेल तर मागून घ्या. सावकार ते मान्य करतो की नवीन मागतो, ते त्याच्यावर.

कॅलिफोर्नियात कायमच्या पायाची नोंद ४३३ए नावाच्या फॉर्मने काउंटी रेकॉर्डरकडे होते. घर खरोखर पायावर आहे पण ४३३ए नोंदलेलाच नाही, असं वरचेवर निघतं, आणि ते ऐन व्यवहार पूर्ण होताना उघडकीला येतं. पहिल्याच आठवड्यात काउंटीत चौकशी करा.

पार्कमधल्या जुन्या घराला कर्ज कोण देतं?

मोठ्या बँका सहसा नाही. स्थानिक क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांच्या पतसंस्था, आधी गाठा. त्यांना त्यांच्या भागातली पार्कं माहीत असतात, आणि माहितीच्या पार्कमधल्या घराला त्या जास्त मोकळेपणाने कर्ज देतात. मग या क्षेत्रातल्या खास कंपन्या. ट्वेंटी-फर्स्ट मॉर्गेज हे नाव तुम्हाला पुष्कळ ठिकाणी दिसेल. ती क्लेटन होम्सच्या समूहातली आहे, आणि क्लेटन २००३ पासून बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे.

एफएचएची टायटल वन ही योजना पार्कमधल्या घरांसाठीही आहे. तिची कर्जमर्यादा बरीच वर्षं फक्त घरासाठी ६९,६७८ डॉलरवर अडकली होती. ती २०२४ मध्ये वाढवली. जागेचा भाडेकरार सुरुवातीला किमान तीन वर्षांचा असावा लागतो. पुष्कळ पार्कं महिन्यामहिन्याचा करार पुढे करतात, तिथे ही योजना अडकते. ती देणारे सावकारही थोडेच आहेत.

एच-१बी व्हिसावर असताना हे कर्ज मिळेल का?

एफएचएचं नाही. २५ मे २०२५ पासून एफएचएच्या कर्जासाठी अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ऑनलाइन जुने लेख अजून "एच-१बीवाल्यांना एफएचए मिळतं" असं सांगतात, ते वाचून बेत आखू नका. क्रेडिट युनियन आणि खासगी सावकारांचे नियम वेगळे असतात. तिथे व्हिसाची उरलेली मुदत, नोकरीचं पत्र आणि हातातली डाउन पेमेंट बघतात.

१९७६ च्या आधीचं घर आहे. पैसे कसे उभे करायचे?

रोख, वैयक्तिक कर्ज, दुसऱ्या घरावरचं इक्विटी कर्ज, किंवा विकणाऱ्यानेच हप्त्यांनी दिलेलं कर्ज. निवृत्तीच्या बचतीच्या ४०१के खात्यातून कर्ज काढणारेही असतात. साधारण नियम असा की तुमच्या हक्काच्या शिलकीच्या निम्मी रक्कम किंवा ५०,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढं मिळतं. परतफेड एरवी पाच वर्षांत करायची असते; राहतं घर घेत असाल तर मुदत वाढू शकते. नोकरी सुटली तर ते कर्ज लवकर फेडावं लागण्याची वेळ येते. भारतात परतायचा विचार मनात असेल तर हा मार्ग मी तरी सुचवणार नाही.

आणि एक विचार करा. तुम्हाला आज कर्ज मिळत नाही, तसं ते उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही मिळणार नाही. म्हणजे तुमचा गिऱ्हाईक फक्त रोख पैसेवाला. घेताना किंमत त्या हिशोबाने पाडून मागा.

पार्कच्या भाड्याचा घराच्या किमतीशी काय संबंध?

सरळ संबंध आहे, आणि बहुतेक जण तो घर विकायला काढल्यावर शिकतात. नऊ टक्के आणि २० वर्षं या हिशोबाने महिन्याला १०० डॉलरच्या हप्त्यात साधारण ११,१०० डॉलरचं कर्ज फिटतं. म्हणजे जागेचं भाडं १०० डॉलरने वाढलं की घेणाऱ्याची ऐपत तेवढ्याने घटते. घर जराही खराब न होता त्याची किंमत अकरा हजारांनी उतरू शकते. पार्क नव्या कंपनीने विकत घेतलं, भाडं दोनदा वाढवलं, आणि म्हाताऱ्या रहिवाशांची आयुष्यभराची पुंजी तिथेच विरघळली, असं घडतं. यात त्यांची काही चूक नसते, म्हणून ते जास्त बोचतं.

तर भाडेवाढीबद्दल विचारायचे प्रश्न: गेल्या पाच वर्षांत भाडं किती वाढलं? शहराचं भाडेनियंत्रण आहे का? (सॅन होजेत मोबाइल होमच्या जागांसाठी आहे.) पार्क अलीकडे विकलं गेलं का, विक्रीला आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मला भाडं किती लागेल? आत्ताचा मालक जे भरतो तेच तुम्हाला लागेल असं धरू नका. बऱ्याच ठिकाणी घर विकलं की जागेचं भाडं नव्याने ठरतं. उत्तरं पार्कच्या ऑफिसकडून लेखी घ्या आणि संध्याकाळी पार्कमधून एक फेरी मारा. शेजारी फार मोकळेपणाने बोलतात.

आई-वडिलांसाठी घ्यायचं आहे. ५५ वर्षांवरील लोकांचं पार्क चालेल का?

अशा पार्कांत शांतता असते, चालायला रस्ते असतात, सोबत मिळते. आई-बाबांना आवडतं. पण काही गोष्टी आधी तपासा. कायद्याप्रमाणे अशा वसाहतीत किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून मोठ्या वयाची एक तरी व्यक्ती राहिली पाहिजे. उरलेल्या घरांना सूट द्यायची की नाही हे पार्क ठरवतं, आणि बहुतेक पार्कं देत नाहीत. तुमचं वय ४० असेल तर पुढे तुम्ही तिथे राहायला जाऊ शकणार नाही. आई-वडील गेले तर घर विकावंच लागेल, तेही वयाची अट पुरी करणाऱ्यालाच.

दुसरं, पार्क रहिवाशाचं उत्पन्न बघतं. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांचं अमेरिकेत ना पगार ना क्रेडिट. मुलगा किंवा मुलगी हमीदार म्हणून चालेल का, हे ऑफरआधी विचारा. तिसरं, वर्षातले सहा महिने ते पुण्यात असतील तर रिकाम्या घराबद्दल पार्कचा आणि विमा कंपनीचा नियम काय, तेही. घर भाड्याने द्यायला बहुतेक पार्कांची मनाई असते.

घर बघायला गेल्यावर कुठे लक्ष द्यायचं?

नवा रंग आणि ग्रॅनाइटचा ओटा यांवरून नजर काढा आणि पायांनी बघा. बाथरूममध्ये कमोडभोवती, टबच्या कडेला, गीझरच्या कपाटासमोर आणि खिडक्यांखाली हळूहळू पाय दाबत चाला. जुन्या घरांत जमिनीखाली भुशाच्या दाबलेल्या फळ्या असतात. त्या पाण्याने फुगतात आणि मग भुसभुशीत होतात. पाय किंचित आत गेला की समजा तिथे कधीतरी गळती होती, किंवा अजून आहे.

मग झाकपट्टी उघडून टॉर्च घेऊन खाली बघा. घराच्या पोटाला एक काळं जाड आवरण असतं. ते कुठे पखालीसारखं लोंबत असेल तर आत पाणी साठलंय. ते फाटलं असेल तर उंदीर आत गेलेत आणि इन्सुलेशनचा चुरा खाली पडला असेल. टेकू तिरके झालेत का, जमिनीशी बांधणारे पोलादी पट्टे ताणलेले आहेत का, ते बघा. आत येऊन सगळी दारं उघडबंद करून पाहा. अडकत असतील तर घर पुन्हा समतल करावं लागेल. ते काम फार महागाचं नसतं, पण वेळेवर केलं नाही तर छताचा सांधा उघडतो.

१९७८ ते १९९५ च्या घरांत राखाडी प्लास्टिकच्या पॉलीब्युटिलीन नळ्या आहेत का पाहा. त्या अचानक फुटण्याबद्दल बदनाम आहेत आणि काही विमा कंपन्या त्यांच्यामुळे पॉलिसी नाकारतात. १९७६ पूर्वीच्या घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग असू शकते. तपासनीस नेमताना त्याने याआधी मोबाइल होम तपासलीत का, हे विचाराच. नेहमीच्या घरांचा तपासनीस बऱ्याचदा खाली उतरतच नाही.

विम्याचा दरही ऑफरआधीच काढा. जुन्या घराला पुष्कळदा झीज वजा करून भरपाई देणारी पॉलिसीच मिळते, आणि विमा नसेल तर कर्जही नाही.

विकायचं आहे. कुठले कागद लागतात?

टायटल तुमच्या नावावर, आणि बोजाशिवाय. बाकी सगळं नंतर.

कॅलिफोर्नियात टायटल मोटार वाहन खात्याकडे नसून राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, एचसीडीकडे, असतं. त्यावर दोन नावं असू शकतात: नोंदणीकृत मालक, आणि कर्ज देणारा तो कायदेशीर मालक. कर्ज कधीच फिटलं पण सावकाराचं नाव काढलं नाही, हा नेहमीचा घोळ. ती सावकार कंपनी आता अस्तित्वातही नसते, आणि मग तिची वारस कंपनी शोधत बसावं लागतं. घर बाजारात आणायच्या आधी एचसीडीकडून टायटलचा शोध घ्या.

कराचे दोन प्रकार आहेत. १ जुलै १९८० पासून नवी विकली गेलेली घरं काउंटीच्या मालमत्ता कराखाली येतात आणि विकताना काउंटीचा करभरणा दाखला लागतो. त्याआधीची बरीच घरं दरवर्षी एचसीडीकडे शुल्क भरतात. घेणाऱ्यालाही यात रस असायला हवा, कारण मालमत्ता कराखालच्या जुन्या घरावर त्याला विक्रीकर लागत नाही, दुसऱ्या प्रकारात लागतो. याशिवाय घराच्या स्थितीचं प्रकटन, धुराचे अलार्म, आणि भूकंपासाठी गीझर बांधलेला असणं, हेही विक्रीच्या वेळी द्यावं लागतं.

फ्लोरिडात प्रत्येक तुकड्याचं टायटल वेगळं. डबल-वाइडची दोन टायटलं असतात आणि एक हरवलेलं असतं. टेक्ससमध्ये टायटलऐवजी राज्याचं मालकीचं विवरणपत्र असतं, आणि थकलेल्या मालमत्ता कराचा बोजा त्याच नोंदीत दिसतो.

पार्क विक्रीला नकार देऊ शकतं का? "घर जुनं आहे, विकायचं तर इथून हलवा" असं म्हणतात.

कॅलिफोर्नियात नुसत्या वयावरून तसं म्हणता येत नाही. मोबाइल होम रहिवासी कायद्याप्रमाणे जुनं घर हलवायला सांगायचं तर ते आरोग्य आणि सुरक्षेच्या निकषांत बसत नाही किंवा अगदीच मोडकळीला आलंय, हे दाखवावं लागतं. दुरुस्त्या सांगायच्या तर पार्क फक्त बाहेरच्या बाजूच्या सांगू शकतं. स्वयंपाकघर कसं आहे याच्याशी पार्कला कर्तव्य नाही.

घेणाऱ्याला मान्यता द्यायची की नाही, हे सगळी माहिती मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत लेखी कळवणं पार्कला बंधनकारक आहे. नकाराची कारणंही मर्यादित आहेत: भाडं भरण्याची ऐपत नसणं, किंवा आधीच्या ठिकाणच्या वागणुकीवरून नियम पाळणार नाही असं दिसणं. तोंडी "जमणार नाही" वर थांबू नका, कारण लेखी मागा.

घेणाऱ्यांना एवढंच सांगणं: पार्कची लेखी मान्यता हातात येईपर्यंत पैसे विकणाऱ्याला देऊ नका. एस्क्रोमध्ये, म्हणजे तटस्थ तिसऱ्या संस्थेच्या ताब्यात, ठेवा. खासगी व्यवहारात एस्क्रो सक्तीचा नसला तरी ठेवाच. घराचे पैसे दिले, टायटल नावावर झालं, आणि पार्कने राहायला परवानगी नाकारली, यासारखी अडचण दुसरी नाही.

किंमत कशी ठरवू? विकण्यापूर्वी किती खर्च करू?

त्याच पार्कमध्ये गेल्या वर्षभरात काय भावाने घरं गेली, हा सगळ्यात खरा आकडा. पलीकडच्या पार्कचा आकडा उपयोगी नाही, कारण तिथलं भाडं वेगळं. छापील मूल्यमार्गदर्शिका सावकाराला लागतात; त्यांत जागेची किंमत धरलेली नसते.

खर्च करायचा तर छत, गळती, भुसभुशीत जमीन, झाकपट्टी आणि समतल करणं यांवर करा. नवी कपाटं, नवे दिवे यांचे पैसे जुन्या घरात सहसा वसूल होत नाहीत. कागद पूर्ण असणं हीच जुन्या घराची खरी सजावट: डेटा प्लेटचा फोटो, छताच्या कामाची पावती, अभियंत्याचं पत्र, टायटलची प्रत, चालू भाडेकरार. हे एका फाइलमध्ये घालून टेबलावर ठेवा. सावकाराला जे लागतं ते आधीच तयार दिसलं की कर्ज काढून घेणाराही पुढे येतो, आणि कर्जवाला गिऱ्हाईक रोखवाल्यापेक्षा जास्त भाव देतो. कॅलिफोर्नियात पार्कमध्ये खिडकीत "विकणे आहे"ची पाटी लावायचा तुम्हाला हक्क आहे, आणि शेजाऱ्यांचे नातेवाईक हे फार चांगले गिऱ्हाईक असतात.

घेणाऱ्याला कर्ज मिळत नाहीये. मीच हप्त्यांनी देऊ का?

देता येतं. वर्षभरात एकच घर असं विकणाऱ्या व्यक्तीला केंद्रीय कर्जनियमांत सूट आहे, पण व्याजदर किमान पहिली पाच वर्षं स्थिर हवा आणि हप्ते भरूनही मुद्दल वाढत जाईल अशी रचना नको. राज्याचे नियम वेगळे, तेव्हा करार वकिलाकडूनच करून घ्या. काही शे डॉलर वाचवायला गेलात तर घर जाईल.

टायटलवर तुमचं नाव कायदेशीर मालक म्हणून राहिलंच पाहिजे. निम्म्याच्या जवळ जाईल अशी डाउन पेमेंट मागा. विमा तुमच्या नावाच्या उल्लेखासह असावा, आणि जागेचं भाडं भरल्याची पावती दरमहा तुमच्याकडे यावी. घेणाऱ्याने तुमचा हप्ता भरला पण पार्कचं भाडं थकवलं, तर घर पार्कच्या हाती जाण्याची भीती असते.

नफा झाला तर कर लागेल का? आणि तोटा झाला तर?

मोबाइल होमही राहतं घर म्हणून धरलं जातं. शेवटच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं मालकी आणि वास्तव्य दोन्ही असेल तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा केंद्रीय करातून वगळता येतो. जुन्या घरात एवढा नफा क्वचितच. तोटा झाला तर मात्र राहत्या घराचा तोटा करात वजा मिळत नाही.

आपल्याकडे हटकून होणारी गोष्ट अशी: घर मुलाच्या नावावर, राहतात आई-बाबा. विकताना मुलाला ही सूट मिळत नाही, कारण तो तिथे राहिलेला नाही. नाव कोणाचं लावायचं हे घेतानाच सीपीएला, म्हणजे तिथल्या हिशोबनिसाला, विचारून ठरवा.

भारतात परतल्यावर विकणार असाल तर आणखी एक. अमेरिकेत करासाठी अनिवासी असलेल्याने तिथली स्थावर मालमत्ता विकली की घेणाऱ्याने १५ टक्के रक्कम कापून कर खात्यात भरायची असते. घेणारा स्वतः राहणार असेल आणि किंमत तीन लाख डॉलरपर्यंत असेल तर सूट आहे. तुमचं घर स्थावर की जंगम हा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. शक्य असेल तर परतण्याआधी विका. नंतर विकलं तरी परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता भारतात आल्यावर बाळगायला परकीय चलनाच्या फेमा कायद्याची आडकाठी नाही. मात्र भारतात तुम्ही करासाठी पूर्ण निवासी झालात की अमेरिकेतल्या नफ्याचा हिशोब भारतातल्या विवरणपत्रातही द्यावा लागतो.

वडील गेले. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आता?

आधी जागेचं भाडं चालू ठेवा. दुःखात तेच राहून जातं, आणि थकबाकी वाढली की हातातले पर्याय कमी होतात. कॅलिफोर्नियात मृत्यूनंतर ४० दिवसांनी, वारसा सरळ असेल तर, प्रोबेटशिवाय, म्हणजे कोर्टातल्या वारसा प्रक्रियेशिवाय, एचसीडीच्या प्रतिज्ञापत्राने टायटल वारसांच्या नावावर करता येतं. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. भारतातल्या भावंडाची सही लागणार असेल तर वेळ जास्त धरा. टायटलवर मृत्यूनंतरचा लाभार्थी आधीच नोंदवायची सोयही एचसीडीकडे आहे. आई-बाबा ठणठणीत असतानाच ते करून घ्या. एका फॉर्मचं काम आहे.

काही केल्या विकत नाहीये. उचलून दुसरीकडे नेता येईल का?

जुन्या घराच्या बाबतीत बहुतेक वेळा नाही. हलवायला हजारो डॉलर लागतात. डबल-वाइड मधल्या सांध्यावर पुन्हा दोन तुकडे करावं लागतं. रस्त्याचा परवाना, नव्या जागेचा पाया, वीज-पाण्याची जोडणी वेगळी. आणि जुनं घर घ्यायला दुसरं पार्क तयार होत नाही. त्यापेक्षा किंमत उतरवा. किंवा पार्कलाच विकत घेता का विचारा. पुष्कळ पार्कं जुनं घर घेऊन त्या जागी नवं बसवतात. भाव कमी देतात, पण दरमहा जागेचं भाडं तुमच्या खिशातून जातंय हे धरून हिशोब करा. १,२०० डॉलर भाडं असेल तर सहा महिने थांबण्याची किंमत ७,२०० डॉलर. देऊ केलेल्या आणि तुमच्या मनातल्या किमतीत त्याहून कमी फरक असेल तर विकून टाका. भाड्यातून सुटका होण्याची तारीख मात्र पार्ककडून लेखी घ्या. टायटल हस्तांतराची सूचना एचसीडीला स्वतः पाठवा आणि तिची पोच जपून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षीचा कर तुमच्याच नावाने येईल.